जुन्या घराचं म्युझियम करायचंय? आधी कौलं परतायला माणसं जमवा

दर मे महिन्यात मला दोन-चार फोन येतातच. आमचं गावचं घर शंभर वर्षांच्या वरचं आहे, कोणी राहत नाही, पाडायला जीव होत नाही, तर त्याचं छोटंसं म्युझियम करता येईल का? येतं. आम्ही देवगड तालुक्यात एक केलंय, घर माझ्या आजोळचं, सहा पावसाळे झाले त्याला. दर वेळी फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

म्युझियम म्हटलं की लोक आधी काचेची कपाटं आणि स्पॉटलाइट मोजायला लागतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात जांभ्याचं, मातीचं, लाकडाचं घर कपाटांमुळे टिकत नाही, माणसांच्या वावरामुळे टिकतं. घर बंद ठेवलं की दोन पावसाळ्यांत वाळवी माळ्यावर पोचते, तीच चूल रोज पेटती असेल तर पन्नास वर्षं काही होत नाही. त्यामुळे वर्षभरात काय काय प्रोग्रॅम ठेवायचे हा प्रश्न विसरा आणि घराला वर्षभरात कोणतं काम लागतं ते बघा, तेच तुमचे प्रोग्रॅम. गाव त्याच कामांना येतं, व्याख्यानाला येत नाही (आम्ही ठेवलं होतं, अकरा लोक आले, त्यातले चार घरचे).

आधी कागद, कंटाळा आला तरी

सातबारा आणि ग्रामपंचायतीतला घराचा असेसमेंट उतारा काढा आणि नावं मोजा. कोकणातल्या घरावर आठ-दहा नावं सहज निघतात, त्यातली दोन वारलेली असतात आणि एक बडोद्याला असतं. सगळ्यांची लेखी संमती घ्या. "अरे कर ना, आमचं काय म्हणणं आहे" ही संमती नव्हे, पहिलं तिकीट फाडलं की तोच काका हिशोब मागायला येतो. मग संस्था काढा. सोसायटीला किमान सात सभासद लागतात आणि १८६० च्या कायद्याखाली नोंदणी झाली की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते, हे काम वकिलाला द्या. घर मालकांकडून संस्थेला भाड्याने घ्या, नाममात्र भाडं का असेना, पण एका वर्षापेक्षा जास्त मुदत असेल तर करार रजिस्टर करावाच लागतो. मुदत निदान पंधरा वर्षांची ठेवा, नाहीतर तुम्ही छप्पर नीट करणार आणि तिसऱ्या वर्षी तिथे होमस्टे होणार.

देणगीवर इन्कम टॅक्सची सवलत देणारं ८०जी मिळालं तर मुंबईकर देणगीदार खूश होतात, फक्त त्यांना आधीच सांगून ठेवा की दोन हजारांच्या वरची कॅश त्या सवलतीत धरत नाहीत. आणि दुकान मांडायच्या आधी विषय ग्रामसभेत घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सभा ठरलेल्या असतात, त्यातली १ मेची बरी, कारण चाकरमानी गावात असतात.

गाव का येईल?

इथे आम्ही सपशेल आपटलो होतो म्हणून जरा लांबण लावतो.

घर खोतांचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्यांचं. आम्ही मोठ्या हौसेने दारावर "खोतांचा वाडा" अशी पाटी लावली, ओटीवर झोपाळा, पानाचा डबा, आजोबांचा फेटा बांधलेला फोटो. उद्घाटनाला खालची वाडी आली. वरच्या वाडीतून एक माणूस नाही. आधी वाटलं निरोप पोचला नसेल. मग चार दिवसांनी मी स्वतः गेलो तर तिथल्या एका आजीने चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, "आमी थंय कित्याक येवचा? माज्या सासऱ्यान तुमच्याच खळ्यात भात मापल्यान. दोन पायली कमी इला म्हणान दिसभर उन्हात उभो करून ठेयल्यानी तेका."

मी काय बोलणार. घरी येऊन पाटी काढली.

तुमचं घर खोताचं, इनामदाराचं, सावकाराचं असेल तर ह्या गोष्टीतून सुटका नाही, आणि करूही नये. आम्ही ओटीवरचा झोपाळा तसाच ठेवला पण त्याच्या समोर पायली, शेर आणि कुळांनी द्यायच्या भाताच्या खंडाची वही मांडली, वहीचं एक पान उघडं ठेवून. भिंतीवर चार ओळी लिहिल्या: बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पिकवल्या नाहीत, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. घरच्या दोन मावश्यांना हे आवडलं नाही, एक अजून बोलत नाही. पण पुढच्या मे महिन्यात वरच्या वाडीतून एक नांगर, पावसात डोक्यावर घ्यायची दोन इरली आणि भात भरडायचं एक घिरट आलं, आणि नंतर त्या आजी स्वतः येऊन वहीतल्या सासऱ्याच्या नावावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. वाचता येत नाही त्यांना, नातवाने दाखवलं. आता घराला गावाचंच नाव दिलंय.

म्हणजे स्टेप काय, तर वस्तू गोळा करायच्या आधी प्रत्येक वाडीत जाऊन बसा. कुंभार, सुतार, गाबीत, धनगर, बौद्धवाडी, सगळीकडे. "तुमच्याकडे काय आहे" असं विचारू नका, "त्या घरात तुमच्या माणसांनी काय काम केलं" असं विचारा. चिरे कोणी काढले, दारं कोणी घडवली, बाळंतपणं कोणी केली. घर त्यांच्या हातांनी उभं राहिलंय, फक्त नाव दुसऱ्याचं लागलं.

समितीत निम्म्या बायका असूद्यात. दिखाव्यासाठी म्हणत नाही, घरातल्या ऐंशी टक्के वस्तू वापरल्या कोणी? स्वयंपाकाचं काम बचत गटाला द्या आणि त्याचे पैसे द्या, गावचं काम म्हणून फुकट राबवू नका. श्रमदान कौलांना आणि खळ्याला, रांधण्याला मजुरी, हा आमचा नियम.

वस्तूंचं रजिस्टर

एक जाड वही आणि एक एक्सेल, दोन्ही. प्रत्येक वस्तूला नंबर, फोटो, कोणाकडून आली, कधी आली, आणि गावात तिला काय म्हणतात ते. पुस्तकी नाव नको. जमिनीत पुरलेल्या उखळाला आमच्याकडे व्हायन म्हणतात, तर व्हायनच लिहा. देणाऱ्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, पाच मिनिटं पुरतात.

सगळ्यात महत्त्वाचा कॉलम: कायमची दिली की ठेवायला दिली. आमच्याकडे एक जातं तोंडी आलं. दोन वर्षांनी त्या घरात लग्न निघालं, हळदीला जातं लागतं आणि ते आमच्या माजघरात नंबर ४१ म्हणून बसलेलं. त्यांचा मुलगा मुंबईहून फोनवर तावातावाने, आमचा सेक्रेटरी त्याहून तावात, की म्युझियमची वस्तू बाहेर जात नाही म्हणून. शेवटी आम्ही जातं धुऊन, खुंटा नीट ठोकून, टेम्पोने लग्नघरी पोचवलं. परत आलं तेव्हा त्याला हळदीकुंकू लागलेलं होतं आणि पाळीला हळदीची पूड. ती आम्ही पुसली नाही. तेव्हापासून लग्नाला जातं, मुसळ, सूप आमच्याकडून नेतात आणि वहीत सही करून परत आणतात. पुण्यातल्या एका जाणकाराला हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, असो.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. पितळ-तांबं चकचकीत घासू नका, कोरलेली नावं झिजतात, कोरड्या फडक्याने पुसा. लाकडाला व्हार्निश नको. कागद लॅमिनेट तर कधीच करू नका. आणि प्लास्टिक! पहिल्या पावसाळ्यात आम्ही हुशारी करून मोडी लिपीतले सगळे दस्त प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून निळ्या ड्रममध्ये बंद केले, गणपतीला झाकण उघडलं तर आतून ओल्या तळघरासारखा वास आणि कागदावर हिरवी-काळी बुरशी. जूनच्या दमट हवेसकट पॅक केलं होतं ना. आता आधी फोटो काढतो, मग मे महिन्यात कागद सावलीत वारा देऊन सुती कापडात बांधतो, सोबत वेखंडाची पुरचुंडी, आणि पेटी जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. पावसात उघडीप मिळाली की पेटी उघडून बघतो. दगडाची-धातूची जुनी मूर्ती, चित्र, हस्तलिखित असं काही असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी लागते का ते पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या.

काय काय मांडायचं ह्याचा अंदाज यायला आधी दोन ठिकाणी जाऊन या. मालगुंडला केशवसुतांचं घर, आणि कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांचं ठाकर आदिवासी कला आंगण. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं हे म्युझियम त्यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात उभं केलं, २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यात होतं तर आपल्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, का नाही होणार.

मे: कौलं

वर्ष इथून सुरू होतं. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, छप्पर परतून, म्हणजे कौलं उतरवून साफ करून परत लावून, झालं पाहिजे. आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस ठरवतो. चाकरमान्यांना तारीख मार्चमध्येच कळवा, रेल्वेचं रिझर्व्हेशन दोन महिने आधी उघडतं.

लागणारी माणसं पंचवीस-तीस, त्यातले चार खरे जाणकार. छपरावर तेच चढतील, बाकीच्यांनी खाली साखळी धरायची. ह्यात हयगय नको, पोरं व्हिडिओसाठी वर चढायला बघतात. दोर कमरेला, पायात चप्पल नाही, आणि पाय कौलावर न ठेवता खाली वासा असेल त्या रेषेवर.

कौलं आढ्याकडून खाली उतरवत यायची, एका वेळी एकच पाखं (छपराचा एका बाजूचा उतार), दुसरं झाकलेलं राहूद्या, कारण मेमध्ये वळवाचा भरवसा नसतो आणि वादळाचाही नसतो. तौक्ते आलं ते १६-१७ मे २०२१ ला, आदल्या वर्षीचं निसर्ग ३ जूनला. उतरवलेली कौलं आडवी थप्पी न लावता उभी टेकवून ठेवा. काथ्याने शेवाळ घासायचं, तारेचा ब्रश नको. प्रत्येक कौल बोटाच्या गाठीने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर गेलीय, बाजूला. हे काम म्हाताऱ्यांना आणि पोरांना एकत्र द्या, दोघंही खूश असतात.

कौल उलटं करून पाठीवरचा शिक्का पण वाचा. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ च्या सुमारास कौलांचा कारखाना काढला, तिथली कौलं गलबतांतून किनाऱ्यावर सगळीकडे आली. आमच्या मागच्या पडवीवर मात्र अजून कुंभाराने चाकावर काढलेले नळे (अर्धगोल कौलं) आहेत, काहींवर बोटांचे ठसे आहेत. ते वेगळे ठेवा, मिसळू नका.

छप्पर उघडं असताना रिपा-वासे ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर वाळवी. कुजलेला तेवढाच तुकडा बदला, अख्खा वासा नाही. वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात, वाळवी त्याच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही, पण हातमोजे घालूनच, कातडी भाजते. भिंतींच्या चिरा सिमेंटने बुजवू नका, जांभा ओल पितो आणि सोडतो, सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आत राहून दगड भुगा होतो. चुना वापरा. मग कौलं वळचणीकडून वर लावत न्यायची.

तीन दिवस दुपारचं जेवण खळ्यात. त्याच मांडवाखाली बायका आमसुलांना बसतात: रातांबे फोडून बिया काढायच्या, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायची, दुसऱ्या दिवशी परत रसात, परत उन्हात, अशी पाच-सहा पुटं द्यायची. पाहुण्यांना हे बघायला आणि करायला फार आवडतं, आणि आमसुलं, आंब्याची साठं, फणसपोळी ह्यांची वर्षातली सगळ्यात जास्त विक्री ह्याच आठवड्यात होते. १८ मेचा जागतिक संग्रहालय दिनही जवळच असतो. संध्याकाळी सगळ्यांसमोर वर्षाचा हिशोब मोठ्याने वाचायचा आणि शाळेच्या फळ्यावर लिहून ओटीवर ठेवायचा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ कोणी उघडत नाही.

पावसाळा

जूनमध्ये पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या चुडतांच्या झापांची झड, म्हणजे पावसाचा मारा अडवणारा आडोसा, बांधा. झापं विणायला येणारी माणसं आता कमी राहिलीत, त्यांना शिकवायला बोलवा आणि मानधन द्या. निळी ताडपत्री स्वस्त पडते, मान्य, पण तिच्याआड भिंत घामेजते.

मग पावसाळाभर रोज चूल पेटली पाहिजे. तास-दीड तास पुरे. धूर माळ्यावरून कौलांतून निघून गेला की लाकूड कोरडं राहतं आणि किडा धरत नाही. ह्यासाठी आम्ही घराशेजारच्या एका काकींना महिन्याला पैसे देतो, पगार म्हणून हा एकच खर्च आम्ही कधी कापला नाही. चुलीपासून कागद लांब, वाळूच्या दोन बादल्या जवळ.

पाहुण्यांना जून ते गणपतीपर्यंत फक्त रविवारी. जुलैत भातलावणीला शाळेची मुलं येतात, तरवा (भाताची रोपं) काढायला, चिखलात उतरायला, इरलं डोक्यावर घेऊन बघायला (रेनकोटपेक्षा गरम लागतं म्हणतात, बरोबरच आहे). पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात सोडू नका, आपल्याकडे लेप्टोचा ताप होतो. सापाचं पण भान ठेवा, जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात लस आहे ते आधीच विचारून नंबर दाराला चिकटवा.

गणपती ते शिमगा

गणपतीत काही करू नका. खरंच. प्रत्येकाच्या घरी गणपती, भजनं, आरत्या, माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आम्ही फक्त माटवी (गणपतीच्या वर टांगायची चौकट) बांधतो आणि पोरांना रानात पाठवतो: कवंडळ, कांगणी, शेरवडं, तेरडा, सुपारीची शिपटं. जे आणेल त्याने त्याचं नाव आणि कुठे मिळालं ते पुठ्ठ्यावर लिहायचं. दोन वर्षांपूर्वी कांगणी कोणालाच मिळाली नाही, तेही लिहून ठेवलंय.

भात झोडून झालं की दिवाळीच्या आसपास खळं. पावसात उगवलेलं गवत तासायचं, लाल माती पसरायची, पाणी मारून एक रात्र मुरू द्यायची, सकाळी चोपण्याने चोपायची आणि मग शेणाने सारवायचं. चोपणं चार माणसांनी एका तालात मारलं तर जमीन एकसारखी बसते, नाहीतर खड्डे पडतात. पहिल्या वर्षी आमच्या मुंबईकरांनी अशी जमीन केली होती की गोट्या खेळल्या तर आपोआप गलीत जातील. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट फोडायला त्याच खळ्यात गाव जमतं, नंतर तिथेच पोहे. ह्याची जाहिरात करत नाही, ज्याला माहीत आहे तो येतो.

डिसेंबर-जानेवारी शाळांच्या सहलींचा. तिकीट ठेवा, पण गावाला आणि तालुक्यातल्या शाळांना फुकट. कॉलेजच्या रासेयोचं (राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांचं निवासी शिबिर ह्याच दिवसांत असतं, प्राचार्यांना ऑगस्टमध्येच पत्र द्या. विहिरीचा गाळ, पडलेला गडगा (दगडी कुंपण), पाखाडी (पायऱ्यांची वाट), अशी कामं त्यांच्याकडून होतात, फक्त गडगा रचायला शिकवणारा जाणकार सोबत द्या, नाहीतर पहिल्या म्हशीने खाली येतो. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेची माणसं वाट वाकडी करून येतात, त्या दोन दिवसांत सरबताचा एक स्टॉल पुरतो. शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा अंगण स्वच्छ आणि दिवा लावलेला असला की झालं.

आणि एक, कौलांचा साठा

वानरं एका उडीत पाच-सहा कौलं फोडतात, वर्षाला शंभरेक जातातच. जुन्या मापाची कौलं आता दुकानात मिळत नाहीत, नवीन आणली तर खाच बसत नाही आणि तिथेच गळतं. ती मिळतात फक्त कोणाचं तरी घर पडताना. म्हणून गावोगावच्या सुतारांना आणि जेसीबीवाल्यांना नंबर देऊन ठेवा, फोन आला की त्याच दिवशी टेम्पो न्या, दुसऱ्या दिवशी ती भरावात गेलेली असतात. मालकाला विचारून कौलं घ्या, पैसे द्या, आणि मांगरात ठेवताना खडूने लिहा कुठल्या घराची आहेत ते. आमच्या मांगरात सध्या सात घरांची कौलं आहेत.